बाटली तीच, लेबल तेच... पण बिअर तीच का?

माझं म्हणणं पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना कॅन्टीन गाठायचं आहे ते मोकळे. बिअर एका ब्रुअरीतून उचलून दुसऱ्या ब्रुअरीत नेली की ती बदलते. कधी थोडी, कधी ओळखू येणार नाही इतकी. ती बदलू नये म्हणून जे करावं लागतं ते महाग आणि वेळखाऊ असतं, त्यामुळे पुष्कळदा केलंच जात नाही. लेबल मात्र जसंच्या तसं राहतं. हे मला पटत नाही. का पटत नाही, ते पुढे.

"कॉलेजच्या अंकात बिअरवर लेख?" असा प्रश्न संपादक मंडळात निघालाच. त्यावर माझं उत्तर असं, की फ्लुइड फ्लो, हीट ट्रान्सफर, मास ट्रान्सफर, रिअॅक्शन इंजिनिअरिंग आणि बायोकेमिकल हे सगळे विषय एकाच ग्लासात मावतात असं दुसरं उदाहरण आणून दाखवा, लेख मागे घेतो. अजून कुणी आणलेलं नाही. (आणि हो, माझी एकवीस पूर्ण आहेत. कायद्याचं पुस्तक कपाटातच राहू द्या!)

तर सुरुवात आपल्या घरापासून. २००९ साली पुण्यात दूलाली सुरू झाली आणि जागेवर बनवलेली, ताजी, गढूळ बिअर हा प्रकार आपल्याकडे हळूहळू रुळला. मग पुण्या-मुंबईत अशा बऱ्याच जागा निघाल्या. त्यातलीच एक आमच्या ग्रुपची लाडकी. नाव घेत नाही, कारण कुणाला बदनाम करायचा उद्देश नाही. त्यांची गव्हाची बिअर म्हणजे काय सांगू! दुधी पिवळा रंग, नाकाशी आधी संत्र्याची साल, मग धने आणि घोट गिळल्यावर मागून येणारी लवंगेची चाहूल. ग्रुपमधल्या कुणाचं प्लेसमेंट झालं की पार्टी तिथेच. पुढे त्यांचा धंदा वाढला आणि तीच बिअर त्यांनी दुसरीकडच्या एका मोठ्या प्लांटमध्ये बनवून कॅनमध्ये भरायला सुरुवात केली. कॅनवर चित्र तेच, नाव तेच.

चव वाईट नव्हती हो, हेच तर दुखणं आहे. वाईट असती तर चार शिव्या घालून मोकळे झालो असतो. पण लवंग गायब, धने जेमतेम, आणि सगळ्या चवीला कुणीतरी इस्त्री केल्यासारखी सपाट! बिअर शिळी असेल म्हणावं तर कॅनवरची तारीख ताजी होती. काउंटरवरच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "सर, सेम रेसिपी आहे."

हे "सेम रेसिपी" प्रकरण नक्की काय आहे, ते समजून घ्यायचं तर आपल्याला बेल्जियमला जावं लागेल. कारण धने आणि संत्र्याची साल घातलेल्या या बिअरचं माहेर तिथे आहे, आणि तिच्या बाबतीत हा प्रयोग एकदा नाही, अनेकदा झालेला आहे.

गवळ्याची बिअर

ब्रसेल्सच्या पूर्वेला हूगार्डन नावाचं गाव आहे. (स्पेलिंग बघून आपण 'होएगार्डन' म्हणतो. गावातली माणसं मधला 'ग' घसा खाकरल्यासारखा काढतात, ते आपल्याला जमणार नाही.) वस्ती जेमतेम सहा-सात हजार. आजूबाजूला गव्हाची शेतं. इथे शतकानुशतकं 'विटबिअर', म्हणजे पांढरी बिअर बनत होती. माल्ट केलेला सातू आणि त्याच्या जोडीला जवळपास निम्मा कच्चा गहू, धने, संत्र्याची वाळवलेली साल. पण विसाव्या शतकात लोकांना सोनेरी, काचेसारखी स्वच्छ लागर आवडायला लागली आणि एकेक ब्रुअरी बंद पडत गेली. टॉमसिन ही गावातली शेवटची विटबिअर ब्रुअरी १९५० च्या दशकात बंद झाली. प्रकार संपला.

त्या ब्रुअरीच्या शेजारी पिएर सेलिस नावाचा एक पोरगा वाढला होता. तिथे तो हाताखाली मदतीला जायचा. पुढे तो गवळी झाला, घरोघर दूध घालायचा. गावातल्या माणसांना जुन्या बिअरची आठवण येत होती. साठच्या दशकाच्या मध्यावर या गवळ्याने घराजवळच्या गोठ्यात सामान मांडलं आणि आठवणीतून ती बिअर पुन्हा उभी केली. हातात डिग्री नाही, पी अँड आय डायग्राम नाही. होती ती जीभ आणि लहानपणी पाहिलेलं काम. बिअर चालली. इतकी चालली, की पुढे मोठ्या जागेत जावं लागलं.

१९८५ मध्ये ब्रुअरीला आग लागली. विमा पुरेसा नव्हता. तेव्हा देशातल्या सगळ्यात मोठ्या बिअर कंपनीने, म्हणजे स्टेला आर्टुआवाल्यांनी, उभारणीसाठी पैसे दिले. हीच कंपनी पुढे विलीनीकरणातून इंटरब्रू झाली, मग इनबेव्ह आणि २००८ पासून एबी इनबेव्ह. पैसे आले तसा शब्दही आला. रेसिपी जास्तीत जास्त लोकांना चालेल अशी करा, असा दबाव आपल्यावर येतोय असं सेलिस यांना वाटू लागलं. शेवटी ते बाहेर पडले.

आता बघा गंमत. साठी ओलांडलेल्या माणसाने काय करावं? गावात नातवंडं खेळवावीत. हा गृहस्थ उठला आणि थेट अमेरिकेत, टेक्ससमधल्या ऑस्टिनला गेला! तिथलं पाणी चुनखडीच्या खडकातलं, हूगार्डनच्या पाण्याशी मिळतंजुळतं. १९९२ मध्ये सेलिस ब्रुअरी सुरू झाली आणि 'सेलिस व्हाइट' बाजारात आली. जाणकारांनी ती उचलून धरली. नवी हूगार्डन पिण्यापेक्षा खरी जुनी हूगार्डन प्यायची असेल तर टेक्ससला जा, असं म्हणणारे कित्येक जण निघाले.

म्हणजे आठ हजारांहून जास्त किलोमीटर, मधे एक अख्खा महासागर, नवी भांडी, नवा गहू, नवी माणसं. आणि बिअर टिकली!

आता दुसरा प्रयोग. नोव्हेंबर २००५ मध्ये इनबेव्हने जाहीर केलं, की हूगार्डनची ब्रुअरी बंद करून उत्पादन ल्येजजवळच्या जुपिल इथल्या आपल्या महाकाय प्लांटमध्ये हलवायचं. सरळ रेषेत अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. आपल्या भाषेत पुणे-लोणावळा. देश तोच, मालक तोच, इंजिनिअर तज्ज्ञ, लॅब सुसज्ज, पैशाला तोटा नाही. गावकरी रस्त्यावर उतरले. ज्या गावाच्या नावाने बिअर विकता ती त्या गावात बनवायचीच नाही म्हणजे काय? शिवाय नोकऱ्यांचा प्रश्न होताच.

आणि सप्टेंबर २००७ मध्ये कंपनीने निर्णय फिरवला. हूगार्डन पुन्हा हूगार्डनमध्येच बनणार! क्षमतेची आणि मागणीची गणितं त्यात होतीच, पण सगळीकडे चर्चा झाली ती एका गोष्टीची: जुपिलला ती चव काही जुळेना.

एकीकडे आठ हजार किलोमीटरवर टिकलेली बिअर आणि दुसरीकडे पुणे-लोणावळा अंतरात हरवलेली बिअर. अंतर हे कारण नाही एवढं तर कुणीही सांगेल. मग कारण काय?

सेम रेसिपी म्हणजे नक्की काय सेम?

पहिला संशय सगळ्यांना पाण्याचा येतो. 'आमच्या गावच्या पाण्याचीच चव' हे वाक्य मिसळीपासून बिअरपर्यंत सगळीकडे चालतं. यात जुन्या काळी तथ्य होतंच. कॅल्शियम, बायकार्बोनेट यांच्या प्रमाणावर मॅशचा पीएच ठरतो आणि तो साधारण ५.२ ते ५.६ मध्ये नसेल तर एन्झाइम रुसतात. पण आज आरओ लावून पाणी कोरं करता येतं आणि हवे ते क्षार मोजून घालता येतात. थोडक्यात, ज्या पाण्याचा सगळ्यात जास्त बोभाटा होतो ते हलवायला सगळ्यात सोपं. खरे खलनायक पुढे आहेत.

एक नंबर: आकार. दुसऱ्या वर्षाला शिकलेलं आठवा. टाकीची प्रत्येक बाजू दहापट केली की पृष्ठभाग शंभरपट होतो आणि घनफळ हजारपट. म्हणजे दर लिटरमागे थंड करायला मिळणारी भिंत एकदशांश. छोट्या टाकीत जी उष्णता आपोआप निघून जायची ती मोठ्या टाकीत जॅकेट लावून ओढून काढावी लागते. यीस्टला जे तापमान जाणवतं त्याचा सगळा आलेखच बदलतो.

दोन नंबर: उंची. मोठ्या प्लांटमधले फर्मेंटर म्हणजे खाली निमुळते होत जाणारे उंच स्टीलचे मनोरे. दहा मीटर उंच द्रवाच्या तळाशी जवळपास एक अॅटमॉस्फिअर दाब जास्त. दाब वाढला की कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळतो आणि तो यीस्टच्या कामात लुडबूड करतो. फळांसारखा वास देणारी एस्टर कमी तयार होतात. लागर बनवणाऱ्यांना हे फायद्याचंच, त्यांना स्वच्छ चव हवी असते. पण जिचा जीवच त्या वासात आहे अशा गव्हाच्या बिअरला हाच मनोरा गळफास ठरू शकतो. जुपिल हे तर जुपिलर या लागरचं घर!

तीन नंबर: वेळ. ती लवंगेची चाहूल ४-व्हिनाइल ग्वायाकोल नावाच्या संयुगातून येते. धान्यातून फेरुलिक अॅसिड सुटतं, यीस्ट त्याचं हे संयुग बनवतं. ते अॅसिड नीट सुटायला मॅश थोडा वेळ ४५ अंशांच्या आसपास ठेवावा लागतो. आता प्लांट मॅनेजर म्हणून विचार करा. हा विसावा गाळून सुरुवातच वरच्या तापमानाला केली तर प्रत्येक बॅचमागे वेळ वाचतो. अल्कोहोल तेवढंच येतं, रंग तोच येतो. फक्त लवंग जाते. कॉस्ट शीटवर लवंगेचा कॉलम नसतो.

चार नंबर: उकळीनंतरचं थांबणं. धने आणि साल शेवटी घालतात, कारण धन्यातलं सुगंधी लिनालूल वाफेबरोबर उडून जातं. छोट्या केटलमधला वर्ट लवकर थंड होऊन पुढे सरकतो. मोठ्या केटलमधला तसाच गरम बराच वेळ ताटकळत राहतो. मग सुगंध उडतो, आणि ८० अंशांच्या वर हॉप्समधला कडूपणा सुटत राहतो तो वेगळाच. 'शेवटच्या पाच मिनिटांत घाला' हे रेसिपीतलं वाक्य दोन्हीकडे तंतोतंत पाळलं तरी दोन वेगळ्या बिअर तयार! आणि गंमत म्हणजे उकळबिंदूसुद्धा सगळीकडे शंभर नसतो. मुंबईत शंभर असेल तर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरच्या पुण्यात साधारण अठ्ठ्याण्णव. त्यामुळे तेवढ्याच हॉप्समधून तेवढ्याच वेळात पुण्यात कडूपणा किंचित कमी निघतो. (पुणेकरांचा कडूपणा हॉप्सवर अवलंबून नसतो, हे मुंबईकरांनी मनातच म्हणावं.)

पाच नंबर: यीस्ट. याला आपल्याकडे सोपा शब्द आहे, विरजण. घरचं विरजण होस्टेलवर आणून दही लावून बघा. दूध वेगळं, पातेलं वेगळं, खोलीतला उकाडा वेगळा. पहिले दोन दिवस घरच्यासारखं लागतं, महिन्याभरात ते होस्टेलचं दही होतं. यीस्टचंही तसंच. एका बॅचचं यीस्ट पुढच्या बॅचला वापरत जातात, आणि पिढ्यान्‌पिढ्या ते त्या भांड्याला, त्या दाबाला, त्या तापमानाला सरावत जातं. बाटलीत भरून दुसरीकडे पाठवाल, पण त्याची सवय कशी पाठवणार?

शिवाय गाळणं, पाश्चरायझेशन, भरताना आत गेलेला ऑक्सिजन हे आहेतच. यादी वाढवत नाही, नाहीतर कुणीतरी हा युनिट टेस्टला प्रश्न टाकेल.

आता यातली सगळ्यात मोठी गोम अशी, की हे सगळं बदलूनही स्पेसिफिकेशन शीट हिरवीगार राहू शकते. अल्कोहोल ४.९ टक्के, बरोबर. कडूपणाचं युनिट, बरोबर. रंग, बरोबर. तीन टिकमार्क आणि खाली सही. माणसाचं वजन, उंची आणि रक्तगट जुळला म्हणून तो तोच माणूस आहे असं आपण म्हणत नाही. बिअरच्या बाबतीत मात्र बिनदिक्कत म्हणतो.

मग टेक्ससला कशी टिकली?

कारण टेक्ससला रेसिपीबरोबर तो म्हातारा गेला होता. माझ्या दृष्टीने सगळ्या गोष्टीचा गाभा हा आहे. तिथेही भांडी वेगळी होती, गहू वेगळा होता, उन्हाळा तर विचारूच नका. पण दर बॅचला ग्लास नाकाशी धरून "ही ती नाही" असं म्हणू शकणारा, आणि त्याने तसं म्हटलं की सगळ्यांना ऐकावंच लागेल असा माणूस तिथे उभा होता. चुकलं की काय फिरवायचं हेही त्याला माहीत होतं. कंट्रोल सिस्टिम्सच्या भाषेत बोलायचं तर सेन्सर, कंट्रोलर आणि सेटपॉइंट तिन्ही एकाच डोक्यात. लूप बंद होता, म्हणून सिस्टिम स्थिर होती.

याचा उलटा पुरावाही आहे. १९९५ मध्ये सेलिस ब्रुअरीत मिलर कंपनी शिरली आणि पुढे सगळा ताबा तिच्याकडे गेला. सन २००० संपता संपता ऑस्टिनची ब्रुअरी बंद करण्यात आली. २००२ मध्ये 'सेलिस' हे नाव मिशिगन ब्रुइंग कंपनीने विकत घेतलं. म्हणजे ज्याचं आडनाव तो बेल्जियममध्ये आणि त्याच्या आडनावाची बिअर मिशिगनमध्ये! दुसरीकडे, याच काळात सेलिस यांनी वाटू गावातल्या सेंट बर्नार्डस या ब्रुअरीबरोबर काम केलं आणि त्यातून 'सेंट बर्नार्डस विट' ही बिअर तयार झाली. आज ती या प्रकारातल्या उत्तम बिअरमध्ये गणली जाते. तिच्यावर हूगार्डनचं नाव नाही की सेलिसचंही नाही. नाव एका वाटेने गेलं, चव दुसऱ्या. २०११ मध्ये सेलिस वारले. २०१७ मध्ये त्यांची मुलगी क्रिस्टीन हिने ऑस्टिनला पुन्हा त्याच नावाने ब्रुअरी उघडली, त्यासाठी आधी स्वतःच्या आडनावाचे हक्क परत मिळवावे लागले!

कुणी म्हणेल, दर ठिकाणी असा म्हातारा कुठून आणायचा? मान्य. पण मग त्याची जागा भरणारी व्यवस्था तरी उभी करा. चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेनचं उदाहरण बघा. तिथे १८४२ पासून पिल्सनर बनते. नव्वदच्या दशकात तिथे उघडी लाकडी पिंपं जाऊन स्टीलचे बंद मनोरे आले. तेव्हा त्यांनी जुनी पद्धत मोडीत काढली नाही. तळघरात थोडी बिअर जुन्याच पद्धतीने लाकडात बनवत ठेवली, आणि नवी बिअर तिच्या शेजारी ठेवून चाखत राहिले. आपण लॅबमध्ये कंट्रोल सॅम्पल ठेवतो तसं. ते तळघर आजही चालू आहे आणि पाहायला जाणाऱ्यांना तिथली बिअर चाखायला मिळते. त्यांच्याकडेही नोटांची छपाई होत नाही, पण मूळ चव म्हणजे काय, याचा जिवंत नमुना हाताशी हवा एवढी अक्कल त्यांनी दाखवली.

"पण लोकांना कळतं का?"

कट्ट्यावर हा विषय काढला की पहिला आक्षेप हाच येतो. पाचशे जण पितात, पाच जणांना फरक कळतो, त्यासाठी एवढा खर्च कशाला? माझं उत्तर: कळतं की नाही ते तपासायची पद्धत आहे, तपासा. तीन ग्लास घ्या, दोनात एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास ओळखा. नुसत्या अंदाजाने तीनातून एकदा बरोबर येईल. बारा जणांत चारच बरोबर निघाले तर मीही गप्प बसेन. नऊ-दहा निघाले तर कंपनीने गप्प बसू नये. ही चाचणी कुठल्याही ब्रुअरीला फुकटात करता येते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. छोट्या ब्रुअरीने वाढूच नये का? मागणी आली, जागा अपुरी पडली, नवा प्लांट टाकायला कोट्यवधी नाहीत, मग दुसऱ्याच्या प्लांटमध्ये बनवून घेतलं तर बिचाऱ्यांनी काय पाप केलं? काहीही नाही. जरूर वाढावं. छोटं तेच पवित्र आणि मोठं ते भ्रष्ट, असं माझं अजिबात म्हणणं नाही. मोठ्या प्लांटमधली स्वच्छता आणि सातत्य छोट्यांना क्वचित जमतं. नव्या जागी बनलेली बिअर जुनीपेक्षा चांगलीही निघू शकते. माझं मागणं फक्त एवढंच आहे, की सांगा. ही अमक्या ठिकाणी बनलेली आहे, अमक्या तारखेपासून आम्ही जागा बदलली आहे, असं समोर, डोळ्यांना दिसेल अशा अक्षरात छापा. मागे बारकोडच्या कुशीत मुंगीएवढ्या टायपात लिहून कायद्याचं समाधान होत असेल, पिणाऱ्याचं होत नाही.

आंब्याचं बघा ना. कर्नाटकातला आंबा काही विष नाही, गोड असतो. पण तो देवगडच्या पेटीत भरून देवगडच्या भावाने विकला की आपल्या तोंडून काय शब्द येतात? इंग्लंडमध्ये याचीच एक मजेदार केस झाली. न्यूकॅसल ब्राउन एलला २००० साली युरोपचं भौगोलिक संरक्षण मिळालं होतं, म्हणजे हे नाव लावायचं तर बिअर न्यूकॅसल शहरातच बनली पाहिजे. २००५ मध्ये कंपनीने उत्पादन टाइन नदीच्या पलीकडे गेट्सहेडला हलवलं. नियम आडवा आला. मग कंपनीनेच अर्ज करून स्वतःचं संरक्षण रद्द करून घेतलं! २०१० मध्ये ती आणखी दक्षिणेला, यॉर्कशरमधल्या टॅडकॅस्टरला गेली. बाटलीवरचं न्यूकॅसल मात्र कुठेच गेलं नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्याबद्दल आहे. चार वर्षं आपण हेच शिकतो, की फ्लोशीट नीट असली, मटेरियल बॅलन्स जुळला, पॅरामीटर मर्यादेत आले, की प्रोसेस कुठेही उभी करता येते. आपल्यातले कित्येक जण पुढे औषधांच्या, रंगांच्या, खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत जाणार. कधीतरी टेबलावर फाइल येईल: अमुक उत्पादन इथून तिथे हलवायचं आहे, टेक्नॉलॉजी ट्रान्सफरच्या कागदावर सही करा. शीट हिरवीगार असेल. जुन्या प्लांटमधला एखादा ऑपरेटर, पंचवीस वर्षं त्याच व्हॉल्व्हवर उभा राहिलेला, कोपऱ्यातून म्हणेल, "साहेब, तिकडं असं नाही व्हायचं." त्याला कारण इंग्रजीत मांडता येणार नाही. ग्राफ काढता येणार नाही. बहुतेक वेळा त्याच मीटिंगमध्ये त्याच्या नोकरीचाही निकाल लागलेला असेल, म्हणून 'हा तर बोलणारच' म्हणून त्याला गप्प बसवणं फार सोपं जाईल.

हूगार्डनचे गावकरी रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांच्याबद्दलही असंच बोलता आलं असतं: भावनिक लोक आहेत, नोकऱ्या वाचवायला आले आहेत. होतेही. पण चवीबद्दल त्यांचं म्हणणं बरोबर निघालं, आणि ते कळायला एवढ्या मोठ्या कंपनीला जवळपास दोन वर्षं लागली. बरं, त्यांचं नशीब म्हणून कंपनी परत फिरली. ऑस्टिनला कुणी परत फिरलं नाही.

तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी कुणी "सेम रेसिपी आहे" म्हणालं, तर दोनच प्रश्न विचारा. कुठे बनवली? आणि तिथे 'ही ती नाही' असं म्हणायचा अधिकार कुणाला आहे? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून एखाद्या माणसाचं नाव आलं तर निर्धास्त प्या. उत्तर म्हणून फाइल पुढे आली, तर बिल येण्याआधी लिंबू सरबत मागवलेलं बरं.

— अंतिम वर्ष, रसायन अभियांत्रिकी